रावसाला सॅल्मन म्हणू नका हो, आणि वलगणीला पार्टी

प्रति,
मा. संपादक,

नमस्कार. तुमचा पेपर मी इकडे अमेरिकेत मोबाइलवर वाचतो, सकाळच्या चहाबरोबर, तेव्हा तुमच्याकडे रात्रीची जेवणं चालू असतात. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर खुशाल कापा, फक्त रावसाचा मुद्दा कापू नका प्लीज.

झालं असं की परवाच्या रविवारच्या पुरवणीत पावसातल्या मासेमारीवर पानभर मजकूर होता. वर लालभडक सॅल्मनचा मोठ्ठा फोटो आणि खाली ओळ, 'परदेशातला आपला रावस'. मग मजकुरात असं की अमेरिकेत पाऊस लागला की नदीच्या तोंडाशी सॅल्मनची झुंबड उडते, नुसतं जाऊन उभं राहायचं, हाताने उचलावे इतके मासे. आणि सगळ्यात खाली चौकट, कोकणातली वलगण (म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे मासे), 'पहिल्या पावसाची फुकट मेजवानी, या वीकेंडला पोचा', सोबत म्हणे टॉर्च आणि गोणी घ्या. तिन्ही ठिकाणी घोळ. पहिला घोळ साधा आहे, दुसऱ्याने कुणीतरी इकडे येऊन दंड भरेल, आणि तिसरा वाचून आमचे नाना, म्हणजे माझे वडील, फोनवर दहा मिनिटं तुमच्या लेखकाला जे काय बोलत होते ते इथे छापण्यासारखं नाही.

मी मूळचा रोहा तालुक्यातला, सोळा वर्षं झाली सिएटलजवळ राहतोय, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे मासळीतला तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पण गेली नऊ वर्षं दर नोव्हेंबरात पावसात गुडघाभर खाऱ्या पाण्यात रॉड धरून उभा राहतो, बायको म्हणते याला गावाला पाठवा म्हणजे हाच उद्योग फुकटात करेल. तेवढ्या हक्काने लिहितोय.

आधी रावस. तो सॅल्मनचा लांबचा भाऊबंदसुद्धा नाही. इंग्रजीत त्याला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात म्हणून हॉटेलच्या मेनूकार्डापासून सगळीकडे ते चाललंय एवढंच. रावसाच्या छातीच्या पराखाली मिशांसारखे चार-चार सुटे तंतू असतात, कुठल्याही कोळणीला विचारा, ती बोटाने उचलून दाखवेल, सॅल्मनला असलं काही नसतं. रावस लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, ही त्याची वेगळीच गंमत, त्यावर लिहा की कधी. तो किनाऱ्याला, खाडीत फिरतो, पण अंडी घालायला डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यापर्यंत चढत नाही आणि तिथे मरतही नाही. इकडच्या पॅसिफिक सॅल्मनचं सगळं आयुष्य त्या चढण्यासाठी आणि मरण्यासाठीच असतं. आणि मुंबईच्या मॉलमध्ये जो केशरी तुकडा सॅल्मन म्हणून मिळतो ना, तो बहुतेक वेळा नॉर्वेकडच्या समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला असतो, त्या बिचाऱ्याला नदीचा वासही लागलेला नसतो.

वासाचं मुद्दाम लिहिलं कारण सगळी गंमत तिथेच आहे. इकडच्या पॅसिफिक किनाऱ्याला मुख्य पाच जाती, चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. नदीत जन्मतात, समुद्रात जातात, जातीप्रमाणे एक ते पाच वर्षं तिकडे खाऊनपिऊन मोठे होतात आणि मग आपल्याच ओढ्यावर परत येतात. मोठ्या समुद्रात दिशा कशी धरतात तो वेगळा विषय, पण किनाऱ्याजवळ आल्यावर घर ओळखायचं काम नाक करतं. विस्कॉन्सिनमधल्या आर्थर हॅस्लर नावाच्या प्राध्यापकाने १९५० च्या सुमारास यावर काम सुरू केलं, पुढे पिल्लांना एका ठरावीक रसायनाच्या वासात वाढवून सोडलं आणि नंतर तोच वास दुसऱ्या ओढ्यात सोडला तर मासे त्या ओढ्यात आले. म्हणजे माती, पाला, दगड, त्या पाण्यातलं जे काय असेल ते डोक्यात बसलेलं असतं. आता विचार करा, उन्हाळाभर पाऊस नाही, सिएटलला जुलै-ऑगस्ट कोरडे ठाक जातात हे आपल्याकडच्या लोकांना खरं वाटत नाही पण तसंच आहे, ओढा घोट्याएवढा झालाय, पाणी कोमट आणि काचेसारखं स्वच्छ, आणि मासा आठ-दहा पौंडांचा. तो आत जाणार कसा, गेला तर गरुड आणि ऑटर (पाणमांजर) उचलणार. म्हणून तो तोंडाशी थांबतो. खाऱ्यातून गोड्यात जायचं तर मूत्रपिंडं आणि कल्ले यांचं काम पार उलटं करावं लागतं, ती तयारीही तिथे होते. दिवसेंदिवस ते तिथे घिरट्या घालतात, उड्या मारतात, सील त्यांच्या मागे लागलेले असतात, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवाईकडून ढगांचा लांबच्या लांब पट्टा येतो, इकडे त्याला गमतीने पाइनॅपल एक्सप्रेस म्हणतात, तो दोन-तीन दिवस धरून ठेवतो, ओढ्याला लोंढा येतो, पाणी गार होतं, चहासारखं गढूळ होतं, वरच्या जंगलाचा वास खाली येतो, आणि भरती जुळली की मासा आत.

म्हणजे पाऊस पडला की मासा तोंडाशी येतो असं जे तुम्ही छापलंय ते बरोबर उलटं आहे. पाऊस नसतो तेव्हा तो तोंडाशी अडकतो, पाऊस आला की निघून जातो. गळवाल्यांचे दिवस मधले, पाऊस भुरभुरतोय पण नदी अजून फुगली नाही तेवढे. जास्त झाला की पाणी मातकट होतं, माशाला तुमची गरी दिसत नाही, सगळे गाडीत बसून हीटर लावतात आणि नदीला शिव्या देतात.

आता हाताने उचलायचं. मी जातो ते ठिकाण हूड्सपोर्ट, सिएटलपासून गाडीने दोनेक तास, हूड कॅनल नावाच्या खाडीवर. नाव कॅनल पण कालवा नाही, हिमनदीने कोरलेली समुद्राची लांब खोल फांदी आहे. तिथे फिंच क्रीक नावाचा जेमतेम ओढा समुद्राला मिळतो, त्याच्यावर राज्य सरकारची हॅचरी (अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र) आहे आणि नोव्हेंबरात चम येतात ते हजारोंनी. जागा एवढीशी आणि माणसं ढीगभर. रशियन, व्हिएतनामी, कोरियन, स्थानिक म्हातारे, एखादा मी, खांद्याला खांदा लावून लोकलच्या दारात उभे असल्यासारखे. याला इकडे 'कॉम्बॅट फिशिंग' म्हणतात, उगाच नाही. एकाला मासा लागला की तो ओरडतो 'फिश ऑन', शेजारच्या सात-आठ जणांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक गुंता होतो आणि तो सोडवताना पाच भाषांतल्या शिव्या ऐकायला मिळतात. फ्लोटच्या (तरंगणाऱ्या बोंडाच्या) खाली तीन-चार फुटांवर जिग, म्हणजे वजन लावलेली गरी, कुणी वर कोळंबीचा तुकडा लावतो, कुणी अँकोवी, आणि फ्लोट बुडायची वाट बघायची. हा मासा आता खाणं जवळजवळ सोडलेला असतो, पोटात काही नसतं, तो चावतो ते चिडून किंवा सवयीने, त्यामुळे तासभर डोळ्यासमोरून पन्नास मासे जातात आणि एकही बघत नाही. वरून पाऊस, बोटं सुन्न. वेडर्सना (पाण्यात उभं राहायच्या छातीपर्यंतच्या विजारीला) कमरेला पट्टा बांधायचा हे कुणी सांगितलं नाही तर पहिल्याच वर्षी माझ्यासारखं आत पाणी भरून घ्याल आणि दोन रशियन तुम्हाला काखेत धरून बाहेर ओढतील, फार प्रेमळ माणसं होती पण हसली खूप.

आणि नियम. लायसन्स हवं, पाहुणा असलात तरी हवं, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. सोबत कॅच कार्ड, ठेवायचा मासा हातात आला की लगेच त्यावर पेनने नोंद, घरी जाऊन लिहीन चालत नाही (आणि धो धो पावसात कागदावर पेन चालवून बघा एकदा). गरीचा उलटा काटा काढलेला किंवा पक्कडीने दाबून सपाट केलेला पाहिजे म्हणजे सोडायचा मासा फाटत नाही. दिवसाला किती, कुठली जात, कुठल्या तारखेपर्यंत, हे दरवर्षी ठरतं आणि मध्येच बदलतं पण. कोहो असेल तर बहुतेक ठिकाणी पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघायचा, हॅचरीवाल्यांनी पिल्लू असताना तो कापलेला असतो, कापलेला असेल तर तुमचा, शाबूत असेल तर तो जंगली मासा, पाण्याबाहेरसुद्धा न काढता सोडायचा. आणि गरी तोंडात लागलेली पाहिजे. पोटाला, पराला, शेपटीला लागली तर सोडा.

यावरूनच नानांचं आणि माझं वाजलं. दोन वर्षांपूर्वी नाना-आई इकडे आले होते, नोव्हेंबरात नानांना हूड्सपोर्टला घेऊन गेलो. लायसन्स काढलं नव्हतं म्हणून ते नुसते बघायला, माझा जुना रेनकोट, डोक्याला वरून मफलर, हातात थर्मास. तिथे उतरल्या उतरल्या त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, हा वलगणीचा वास. मला हसू आलं, कारण तिथे मेलेल्या माशांचा वास होता, अंडी घालून झालेले चम ओढ्यात सडत पडलेले असतात. पण ते म्हणाले मेलेल्याचा नाही रे, पाण्याचा.

तासाभराने मला चांगला बारा पौंडांचा नर लागला, दहा मिनिटं झुंजलो, हात भरून आले, काठाला आणला तर गरी बरोबर पोटाच्या पराशी. सोडला. नाना धावत पाण्यापर्यंत आले, "आरं येड्या, हातात आलेला मासा सोडतोस? कोन बघतंय?" शेजारचा व्हिएतनामी म्हातारा त्यांच्याकडे बघून हसला, त्याला भाषा कळली नसेल पण भाव कळला. मी नियम सांगितला. नाना म्हणाले, सरकारी नियम माशाला माहीत असतात का. मग दुसरी मिळाली, मादी, तोंडात नीट लागलेली, जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांची, चमला समुद्रातून आत येताना वाघासारखे पट्टे उमटतात. तिची कार्डावर नोंद करेपर्यंत नाना तिच्या पोटावर हात ठेवून उकिडवे बसले होते. गाडीत बसल्यावर बोलले, भरलेली आहे.

घरी सिंकमध्ये त्यांनीच कापली. गाभोळीच्या दोन पट्ट्या निघाल्या, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, दाणे वाटाण्याएवढे केशरी. आपल्या माशाची गाभोळी खसखशीसारखी, ही मोत्यांची माळ. चमच्या मादीत अडीच-तीन हजार अंडी सहज असतात. आईने हळद-मीठ-मसाला लावून तव्यावर टाकली तर दाणे फटाफट उडाले, अर्धे छताला, स्मोक अलार्म वाजला तो वेगळाच. नाना जेवले, पण जेवताना एकदम म्हणाले, एवढी पोरं खाल्ली आपण. मग म्हणाले, तुझे आजोबा वलगणीत बांध घालायचे ते अर्ध्याच ओढ्याला, अर्धं पाणी मोकळं सोडायचे, मी विचारलं तर सांगायचे की वरच्या आळीलाही मासे खायचेत. मला ते माहीतच नव्हतं. मला आठवतो तो फक्त कंदील, कोयता आणि शेताच्या बांधावर पाणी कापत चढणारी मरळ.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, वलगण म्हणजे चढणीचे मासे. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे खळाळून नदीला मिळाले की नदीतले मरळ, शिंगटी, खवली असे मासे उलटे वर चढतात, ओढ्यात, तिथून भातखाचरात, कारण तिथल्या उथळ गढूळ पाण्यात अंडी आणि पिल्लं वाचतात. म्हणजे चढणारी जवळजवळ प्रत्येक मादी पोटुशी असते. समुद्रात जून-जुलैला यांत्रिक बोटींना बंदी असते ती याच हिशोबाने, प्रजननाचा काळ म्हणून, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं हे कोळ्यांना कायद्याच्या आधीपासून माहीत आहे. ओढ्याला मात्र कोण विचारतो. नाना सांगतात की हल्ली शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, बॅटरीचा करंट सोडतात, ब्लिचिंग पावडर ओततात, बोटाएवढं पिल्लूसुद्धा वर येतं. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारायला १८९७ च्या इंडियन फिशरीज अ‍ॅक्टपासून बंदी आहे, सव्वाशे वर्षं होऊन गेली. तुमच्या चौकटीत त्याचं एक अक्षर नाही, उलट गोणी घेऊन या.

मी अमेरिकेची आरती ओवाळतोय असं वाटून घेऊ नका. यांनी आधी सगळी वाट लावली, धरणं बांधून नद्या बंद केल्या, मग हॅचऱ्या काढल्या. जे मूळ लोक हजारो वर्षं नदीच्या तोंडाशी मासे धरत होते त्यांनाच आपल्या नदीत जाळं टाकलं म्हणून पकडायचे. निस्क्वाली जमातीतले बिली फ्रँक ज्युनियर, पहिली अटक १९४५ मध्ये, वय चौदा, पुढे पन्नासहून जास्त वेळा अटक. सरकारने जमातींशी केलेल्या १८५४-५५ च्या तहांत मासेमारीचा हक्क लिहून दिलेला होता, तो कोर्टात सिद्ध व्हायला १९७४ उजाडलं, जज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा जमातींचा. तेव्हा गोऱ्या मच्छीमारांनी जजच्या नावाने बोंब मारली होती. आज त्याच जमाती सरकारच्या बरोबरीने बसून किती मासे धरायचे ते ठरवतात, हूड्सपोर्टला आम्ही गळ टाकून थिजत असताना बाजूला स्कोकोमिश जमातीच्या लोकांचं जाळं ओढलं जातं आणि आमच्यातले काही जण कुरकुरतात, मी त्यांना सांगतो बाबा रे ही त्यांचीच खाडी. आपल्याकडे ओढ्याची खडान्खडा माहिती कुणाला, तर कातकऱ्यांना आणि भोयांना. तुमच्या पानभर मजकुरात त्यांच्यातला एकही माणूस बोललेला नाही, बोललाय तो रिसॉर्टवाला.

पावसाची अजून एक गोष्ट, ती कळल्यापासून मला पहिला पाऊस पूर्वीसारखा आवडत नाही. सिएटलच्या शहरातल्या ओढ्यांमध्ये कोहो परत यायला लागले, लोकांनी झाडं लावली, कचरा काढला, आणि तरी पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे गोल गोल फिरून, तोंड वासून काही तासांत मरायचे, अंडी पोटात तशीच. काही ओढ्यांत शंभरातले चाळीस ते नव्वद. वर्षानुवर्षं कारण सापडेना. २०२० च्या डिसेंबरात इथल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, टायर. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात, हवेतल्या ओझोनशी त्याचं काहीतरी वेगळंच बनतं, रस्त्यावर टायरचा चुरा पडून राहतो आणि पहिला पाऊस तो धुऊन ओढ्यात नेतो. गंमत म्हणजे त्याच पाण्यात चमला काही होत नाही, कोहो मरतो. म्हणजे ज्या पावसाची वाट बघत मासा आठवडाभर तोंडाशी थांबला तोच पाऊस त्याला घेऊन जातो, आणि मी हूड्सपोर्टला जातो तो त्याच टायरवर दोन तास, हे लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही म्हणायला नको. मुंबई-गोवा हायवेचं पाणी कुठल्या ओढ्यात जातं आणि त्यात काय असतं, हे कुणी मोजत असेल तर तेही छापा, वाचायला आवडेल.

तर विनंती एवढीच. पहिली, रावसाच्या फोटोओळीची दुरुस्ती छापा, छोटी का होईना. दुसरी, इकडे मुलांकडे येणारे आईबाबा सप्टेंबर-ऑक्टोबरात खूप असतात, त्यांना सॅल्मन बघायचा असेल तर गळ नकोच, सिएटलच्या बॅलार्ड लॉक्सला जा, बोटींसाठी १९१७ साली उघडलेले दरवाजे आहेत आणि बाजूला माशांसाठी एकवीस पायऱ्यांची शिडी, खाली काचेतून मासे चढताना दिसतात, तिकीट नाही. किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सिएटलजवळच्या इसाक्वा गावातली सॅल्मनची जत्रा, तिथे ओढ्याच्या पुलावर अर्धा तास उभे राहा, पार्किंगला मात्र देव आठवतो. तिसरी, पुढच्या जूनमध्ये वलगणीवर लिहाल तेव्हा आधी एखाद्या कातकरीवाडीत जाऊन बसा, तारीख आणि गावाचं नाव छापू नका, आणि 'फुकट' हा शब्द काढा. नानांनी यंदा पहिल्या पावसाला ओढ्यावर जाऊन किती गाड्या आल्या ते मोजलं, वहीत लिहून ठेवलंय, हवं असेल तर फोटो मागवून पाठवतो.

सॅल्मनच्या गाभोळीची रेसिपीही आईकडून घेऊन पाठवेन, झाकण ठेवून करायची हे आता कळलंय. फक्त त्या फोटोखाली रावस लिहू नका.

आपला,
एक नियमित वाचक
(गाव रोहा तालुका, सध्या सिएटलजवळ)